बंदिवानाचे घर

न्यायाधीश शिक्षा सुनावतो तेव्हा निकालपत्रात नाव एकाचेच असते. अमुक इसमास अमुक कलमाखाली इतक्या वर्षांची कैद, एवढाच तो लेख. त्या इसमाला बायको आहे की नाही, मुले किती, त्यांतले दुधावरचे कोणते आणि शाळेत जाणारे कोणते, म्हाताऱ्या आईला औषध कोण आणून देणार, याची नोंद त्या कागदावर करण्याची चाल नाही. कायद्याच्या दृष्टीने ते योग्यही असेल. परंतु त्या दिवशी संध्याकाळी ज्या घरात चूल उशिरा पेटते, त्या घराला न लिहिलेला मजकूरही वाचता येतो. कैद एकास होते आणि भोगावी अनेकांना लागते, ही गोष्ट इतकी उघड आहे की इतिहास लिहिणारांचे तिच्याकडे सहसा लक्षच गेले नाही. तुरुंगात कोण गेले, कोणत्या साली गेले, किती वर्षे राहिले, हे शाळेतील मुलांकडून पाठ करून घेतले जाते. मागे राहिलेल्या घराचे काय झाले, हा प्रश्न परीक्षेत येत नाही. आज त्याच प्रश्नाविषयी आपणांशी चार शब्द बोलावे, असा माझा हेतू आहे.

वस्तुतः आपल्याकडे हा प्रश्न पुराणाइतका जुना आहे. गोकुळाष्टमीला ज्याचा पाळणा आपण घरोघर हलवितो, त्या श्रीकृष्णाचा जन्म बंदिशाळेत झाला. आईबाप कंसाच्या बेड्यांत, आणि पोर यमुनेपलीकडे नंदाच्या घरी. कथेतील चमत्कार क्षणभर बाजूला ठेविले तर उरतो तो एक साधा व्यवहार. ज्या मुलाचे आईबाप कैदेत आहेत त्याला कोणाच्या तरी घरी दूधभात मिळाला पाहिजे, आणि त्या घराने त्याला आपले म्हटले पाहिजे. बंदिवानाच्या मुलाचे पुढे काय व्हावयाचे, हे बापाच्या गुन्ह्यावरून किंवा पराक्रमावरून जितके ठरते त्याहून कितीतरी अधिक त्याला असे गोकुळ मिळाले की नाही यावरून ठरते. माझे म्हणणे एवढेच आहे, आणि त्याला आधार म्हणून मी आपल्याच इतिहासातील काही घरे आपणांस दाखविणार आहे.

पहिले घर राजाचे. ११ मार्च १६८९ रोजी संभाजीमहाराजांचा वध झाला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस रायगड मोगलांच्या हाती पडला. महाराणी येसूबाई आणि सात वर्षांचे राजपुत्र शाहू कैद झाले. तेव्हापासून औरंगजेबाची छावणी जिथे हलेल तिथे या मायलेकरांचा मुक्काम हलत राहिला. बादशहाची मुलगी झीनतुन्निसा हिने त्या मुलाला माया लावली, असे इतिहास सांगतो. शत्रूच्या तंबूतच त्याला थोडेसे गोकुळ मिळाले म्हणावयाचे. १७०७ साली औरंगजेब वारल्यावर शाहू सुटले तेव्हा त्यांचे वय पंचवीस होते. सात ते पंचवीस, म्हणजे मुलाचा माणूस होण्याचा सारा काळ, कैदेत गेला. शाहूमहाराजांच्या शांत, मिळते घेणाऱ्या स्वभावाचे मूळ अनेक इतिहासकार त्या छावणीतील बालपणात शोधतात. परंतु या कथेतील अधिक करुण भाग पुढेच आहे. मुलगा सुटला, आणि आई ओलीस राहिली. बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून परतले तेव्हा, १७१९ साली, येसूबाई स्वराज्यात आल्या. आधी आईच्या सहवासात कैद आणि मग मोकळा श्वास मिळाला तो आईवाचून, असे हे तीस वर्षांचे गणित होय.

दुसरे घर पुण्याचे. लोकमान्य टिळकांना २४ जून १९०८ रोजी अटक झाली, आणि २२ जुलैस सहा वर्षांच्या काळ्यापाण्याची व एक हजार रुपये दंडाची शिक्षा झाली. त्या वेळचे त्यांचे न्यायासनापुढील तेजस्वी उद्गार सर्वांस ठाऊक आहेत. मंडालेच्या तुरुंगात त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिले, हेही ठाऊक आहे. गायकवाडवाड्यात मात्र त्या सहा वर्षांत काय चालले होते? पत्नी सत्यभामाबाई मधुमेहाने खंगलेल्या. रामभाऊ आणि श्रीधर हे दोन मुलगे शिकण्याच्या वयाचे. घराचा सारा कारभार भाचे धोंडोपंत विद्वांस यांच्या शिरावर. मंडालेहून महिन्याला एक पत्र लिहिण्याची परवानगी असे, आणि त्या पत्रांत राजकारणाचे अक्षर येऊ शकत नसे. साहजिकच ती पत्रे घरच्या गोष्टींनी भरलेली आहेत. दुखणी, मुलांचा अभ्यास, पुस्तके, घरखर्च. ज्याच्या लेखणीने सरकार हादरत होते, तो पुरुष महिन्यातून एकदा केवळ बाप होऊन लेखणी हाती घेत असे.

७ जून १९१२ रोजी सत्यभामाबाई वारल्या. ही बातमी टिळकांना मंडालेस तारेने कळली. त्यानंतर त्यांनी घरी पाठविलेल्या पत्राचा आशय असा की, अखेरच्या वेळी आपण जवळ नव्हतो हे शल्य मोठे आहे. परंतु मुलांनी शोकात अभ्यास बुडवू नये, कारण आपण स्वतः त्यांच्याहून लहान वयात पोरके झालो होतो. हे खरेच होते. टिळकांची आई ते दहा वर्षांचे असताना गेली, आणि वडील सोळाव्या वर्षी. तथापि एक फरक होता. त्या मुलांची आई मरण पावली तेव्हा बाप जिवंत होता, परंतु तो समुद्रापलीकडे भिंतीआड होता. मरणाने आलेल्या पोरकेपणाला समाज ओळखतो. सुतक असते, तेरावा असतो, लोक समाचाराला येतात. जिवंत बापाच्या पोरकेपणाला असा कोणताही विधी नाही. जून १९१४ मध्ये टिळक मध्यरात्री वाड्याच्या दाराशी येऊन उभे राहिले तेव्हा लहान सोडून गेलेली मुले वाढलेली होती, आणि घरात घराची स्वामिनी नव्हती. असे असूनही तो वाडा ओस पडला नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. आप्त होते, ‘केसरी’ची मंडळी होती, आणि त्या घरावर आपली सावली धरावी असे वाटणारा सारा महाराष्ट्र होता.

त्याच काळात नाशिकच्या सावरकरांच्या घराला मात्र इतकीही सावली लाभली नाही. १९०९ साली थोरले बंधू बाबाराव यांना जन्मठेप काळेपाणी झाले आणि मालमत्ता जप्त झाली. पाठोपाठ विनायकरावांना दोन जन्मठेपी झाल्या. अंदमानातून वर्षाला एक पत्र. बाबारावांच्या पत्नी येसूवहिनी पतीच्या भेटीची वाट पाहत १९१९ साली निवर्तल्या; भेट झालीच नाही. ज्या घराशी बोलणे म्हणजे पोलिसांच्या वहीत नाव जाणे, त्या घराशी बोलण्यास पुष्कळजण कचरतात. धैर्य हे केवळ तुरुंगात जाणाराला लागते असे नाही. त्याच्या घरच्यांना वाटेत थांबून ‘कसे आहात?’ असे विचारणारालाही ते लागते.

आता आपण आमच्या वर्ध्याकडे वळू. मी राहतो ते सिंदी मेघे हे गाव वर्धा शहराला लागून आहे, आणि तुरुंगवासाचा इतिहास म्हणाल तर तो आमच्या अंगणातलाच आहे. १९२३ साली नागपुरास झेंडा सत्याग्रह झाला. त्याचे पुढारी जमनालाल बजाज यांना जून महिन्यात पकडण्यात आले. अठरा महिन्यांची कैद आणि तीन हजार रुपये दंड अशी शिक्षा झाली. दंड न भरल्यामुळे त्यांची मोटार सरकारने जप्त करून लिलावास काढली, तर तिला नागपुरात गिऱ्हाईक मिळेना. ही हकीकत गमतीची म्हणून सांगतात. मला ती गमतीची वाटत नाही. शेजारच्या घरातली वस्तू कवडीमोलाने मिळत असताना शहरातील एकही हात पुढे होत नाही, यात त्या घराला केवढा धीर मिळाला असेल! सत्याग्रह मिटल्यावर सरकारने सप्टेंबरात कैद्यांना मुदतीपूर्वी सोडले, आणि त्याच महिन्याच्या २२ तारखेस जमनालालजींचा धाकटा मुलगा रामकृष्ण जन्मास आला. म्हणजे नवरा तुरुंगात असता जानकीदेवींचे दिवस भरत आलेले होते. ही गोष्ट झेंडा सत्याग्रहाच्या इतिहासात एखाद्या ओळीनेही येत नाही, परंतु ज्या स्त्रियांनी असे दिवस काढले आहेत त्यांना ती सांगावी लागणार नाही.

जमनालालजींचा तुरुंगवास एवढ्यावर संपला नाही. १९३० साली, १९३२ साली, पुढे जयपूर संस्थानात, आणि वैयक्तिक सत्याग्रहात पुन्हा, असा तो येतच राहिला. घरी पाच मुले. तथापि त्या मुलांभोवती वर्ध्यात एक मोठे कुटुंब उभे होते. १९२१ सालीच विनोबा वर्ध्यास येऊन आश्रम चालवू लागले होते, आणि बजाजांच्या मुलांवर त्यांचे संस्कार झाले. पुढे वर्ध्यात महिलाश्रम निघाला; राष्ट्रकार्यात पडलेल्या कुटुंबांतील स्त्रिया आणि मुली तिथे शिकत. पुरुष तुरुंगात गेला तर त्याच्या घरच्यांनी कोठे जावे, या प्रश्नाला वर्ध्याने दिलेले ते विटामातीचे उत्तर होते. चळवळ करणारांनी सभा, झेंडे आणि ठराव यांच्याबरोबर मागे राहणाऱ्यांच्या शिक्षणाची सोय करावी, ही दृष्टी मला फार मोलाची वाटते. १९२३ सालचे ते मूल, रामकृष्ण, १९४१ साली स्वतः सत्याग्रही म्हणून तुरुंगात गेले तेव्हा त्यांना अठरावे वर्षही पुरे झाले नव्हते. परंतु हे उदाहरण सांगताना मला एक सावधगिरी घ्यावीशी वाटते. ते घर धनवान होते, मानाचे होते, आणि त्याच्यामागे गांधीजी होते. सर्वांचे घर तसे नसते.

आणि मानाच्या घरालाही व्हावयाचा घाव चुकत नाही. वर्ध्यापासून आठ किलोमीटरांवर सेवाग्राम. तिथे गांधीजींचे चिटणीस महादेवभाई देसाई यांचे बिऱ्हाड होते. पत्नी दुर्गाबेन आणि सतरा वर्षांचा मुलगा नारायण. ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईस महादेवभाईंना पकडून पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नेले, आणि १५ ऑगस्ट रोजी, म्हणजे सहाव्या दिवशी, हृदयविकाराने त्यांचा तेथेच अंत झाला. अग्नी गांधीजींनी दिला. हिंदू घरात बापाला अग्नी देणे हा मुलाचा धर्म. तो मुलगा सेवाग्रामात होता आणि चिता बंदिवासाच्या कुंपणाआत पेटली. पुढे नारायणभाईंनी वडिलांचे मोठे चरित्र गुजरातीत लिहिले, आणि त्याला १९९३ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. पन्नास वर्षांनी का होईना, मुलाने बापाचे राहिलेले ऋण शब्दांनी फेडले असे म्हणावयास हरकत नाही.

महादेवभाई गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीला, आमच्या जिल्ह्यातील आष्टी येथे आणि तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातील चिमूर येथे आगीचा डोंब उसळला. पोलिसांच्या गोळीबारात लोक पडले. खवळलेल्या जमावाच्या हातून सरकारी अंमलदार आणि पोलीसही मारले गेले. पाठोपाठ लष्कर आले. शेकडो माणसे धरली गेली, खास न्यायालये बसली, फाशीच्या आणि जन्मठेपेच्या शिक्षा झाल्या. चिमुरात पुरुष पकडून नेल्यावर मागे राहिलेल्या स्त्रियांवर जे अत्याचार झाले, त्यांच्या चौकशीसाठी सेवाग्रामच्या प्राध्यापक भणसाळींनी त्रेसष्ट दिवसांचा उपवास केला, आणि तो जानेवारी १९४३ मध्ये सुटला. फाशीची शिक्षा झालेल्यांचे प्राण वाचावेत म्हणून नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांनी जिवाचे रान केले. अखेर १९४५ साली उरलेल्यांची फाशी रद्द झाली.

या इतिहासातील एक गोष्ट शहरी वाचकाच्या ध्यानात सहसा येत नाही, म्हणून ती जरा विस्ताराने सांगतो. ही माणसे बहुतांशी शेतकरी आणि कारागीर होती. श्रावणात आमच्या भागातील पऱ्हाटीला आणि ज्वारीला निंदण हवे असते, डवरा हवा असतो. त्या वेळी घरातला कर्ता उचलला म्हणजे पीक तणाने दाबते. पीक गेले म्हणजे सावकाराचे देणे थकते. देणे थकले म्हणजे आधी बैल जातो आणि मग शेत. म्हणजे नागपंचमीला झालेल्या अटकेचा घाव पुढच्या उन्हाळ्यात बसतो. दहा वर्षांचा पोरगा पाटी ठेवून तुतारी हाती घेतो, आणि ती पाटी पुन्हा त्याच्या हाती येत नाही. त्यावर चिमूरसारख्या गावावर बसविलेला सामुदायिक दंड वेगळाच. पुढारी तुरुंगातून सुटून आले की हारतुरे होत. शेतकऱ्याचा मुलगा शाळेतून सुटला तो सुटला. आष्टीला आज आपण आष्टी शहीद म्हणतो, आणि ते उचित आहे. परंतु हुतात्म्यांच्या स्तंभावर ज्यांची नावे नाहीत, अशीही पोरे त्या हौतात्म्याचे भागीदार होती.

येथवर मी ज्या घरांविषयी बोललो त्यांना निदान मान तरी होता. ‘माझे वडील देशासाठी तुरुंगात गेले,’ असे म्हणताना मुलाची मान ताठ होत असे. आता ज्या घरांना मानही नाही त्यांच्याविषयी बोलणे प्राप्त आहे. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, आणि १९११ च्या कायद्याने त्याचे जाळे साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानावर पसरले. पारधी, कैकाडी, भामटा अशा जमातींतील मूल जन्मास येताच संशयित ठरू लागले. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत उभी राहिली; लोक तिला सेटलमेंट म्हणत. तिथे हजेरी द्यावयाची, परवान्याशिवाय बाहेर पडावयाचे नाही. १८९७ च्या दुरुस्तीने तर चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून काढून वेगळे ठेवण्याचाही अधिकार सरकारला दिला होता. इतर ठिकाणी बापाची कैद मुलाच्या वाट्याला आडमार्गाने येते. इथे ती सरळ कायद्याने वारसाहक्कासारखी आली. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. परंतु रद्द झालेला कायदा लोकांच्या मनातून रद्द व्हावयास फार वेळ लागतो. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ या आत्मकथेला १९८८ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले; पोलिसांची धाड लहान मुलाच्या डोळ्यांना कशी दिसते, हे ज्यांना जाणून घ्यावयाचे असेल त्यांनी ते पुस्तक अवश्य वाचावे.

मी मास्तर होतो. वर्गातल्या पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत घरांची अवस्था चेहऱ्यावर वाचण्याची सवय आम्हां लोकांना लागते. सहावीच्या वर्गात एक मुलगा होता. त्याच्या बापाला एका मारामारीत झालेल्या खुनाबद्दल शिक्षा लागली होती. कोणी विचारले की तो म्हणे, ‘बाबा नागपूरले हायेत, गुर्जी.’ हे खोटे नव्हते; आणि नागपूरला कोठे, हे साऱ्या वर्गाला ठाऊक होते. प्रगतिपत्रकावर पालकाच्या सहीच्या जागी त्याच्या आजीचा निळा अंगठा असे. एके दिवशी एका मुलाची कंपासपेटी हरवली. कोणी काही बोलले नाही, पण चाळीस मुलांचे डोळे एकाच बाकाकडे वळले. पेटी दप्तराच्या अस्तरातच सापडली, परंतु ते डोळे त्या मुलाला आधीच लागले होते. दिवाळीनंतर तो शाळेत आला नाही. बसस्थानकाजवळच्या एका हॉटेलात कपबशा विसळू लागला. त्याला परत आणले ते कोणा योजनेने किंवा अधिकाऱ्याने नव्हे. त्याच्या आळीतला एक शिंपी होता. त्याने आजीला सांगितले की पोराला सायंकाळी माझ्याकडे काज-बटणाला बसव, हॉटेलवाला देतो तेवढे मी देईन, पण सकाळी तो शाळेत गेला पाहिजे. शिंपी श्रीमंत नव्हता. मुलगा दहावीपर्यंत शिकला. मी पुढे पुष्कळ पुढाऱ्यांची भाषणे ऐकली, पण त्या शिंप्याच्या व्यवहारात जो विचार होता त्याहून मोठा मला क्वचितच आढळला.

असा विचार राज्यकर्त्यांनीही केल्याचे एक उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. औंध हे लहानसे संस्थान. तेथील राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची वसाहत वसविली. मॉरिस फ्रीडमन या पोलंडच्या गृहस्थांची ही कल्पना. भिंती नाहीत, बेड्या नाहीत. कैद्याने शेती करावी, आणि मुख्य म्हणजे बायकामुलांसह राहावे. व्ही. शांताराम यांचा १९५७ सालचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा बोलपट या प्रयोगावरून सुचला. त्याची कथा ग. दि. माडगूळकरांची. बोलपटातील तुरुंगाधिकारी आणि त्याचे सहा कैदी सर्वांच्या स्मरणात आहेत. परंतु मला त्या वसाहतीतील खरे मर्म वाटते ते असे की, कैद्याला सुधारावयाचे तर त्याला त्याच्या मुलाच्या डोळ्यांसमोर राहू द्यावे, हे तिथे ओळखले गेले. मूल रोज संध्याकाळी बापाची वाट पाहत असेल, तर बापालाही परत येण्यास कारण असते. आणि मुलालाही बाप कळतो तो हाडामांसाचा माणूस म्हणून. लोकांच्या कुजबुजीतला राक्षस म्हणून नव्हे.

स्वातंत्र्यानंतरचा कायदाही हळूहळू या दिशेने सरकत आहे. संचित रजा आणि अभिवचन रजा, म्हणजे ज्यांना लोक फर्लो आणि पॅरोल म्हणतात, त्यांचे नियम मुंबई राज्यात १९५९ साली झाले. घरचे दुखणेपाखणे हे सुटीचे कारण होऊ शकते, एवढे सरकारने त्यातून मान्य केले. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने आर. डी. उपाध्याय यांच्या खटल्यात तुरुंगातील मातांच्या मुलांविषयी सविस्तर आदेश दिले. सहा वर्षांपर्यंतच्या मुलाला आईजवळ राहता यावे. त्याला कैदी समजू नये. त्याच्या आहाराची, औषधाची, शिक्षणाची सोय व्हावी. त्यांतील एक आदेश मला फार मार्मिक वाटतो. कैदेत असलेल्या आईचे मूल जन्मले तर जन्माच्या दाखल्यावर तुरुंगाचे नाव घालू नये, केवळ त्या वस्तीचा पत्ता लिहावा. ज्या देशात कृष्णजन्म बंदिशाळेत झाल्याचे कीर्तनकार अभिमानाने सांगतात, त्या देशात माणसाच्या पोरासाठी ही तरतूद करावी लागली, हेही आपण लक्षात घ्यावे.

महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेत ज्यांचे पालक तुरुंगात आहेत अशा मुलांचाही समावेश आहे. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून कैदी आणि त्यांची कुटुंबे यांच्यात काम करीत आला आहे. राज्यातील काही कारागृहांत ‘गळाभेट’ या नावाने मुलांना बापाच्या मांडीवर बसून भेटता यावे असा उपक्रम झाला. एरवी मुलाखत म्हणजे मध्ये जाळी किंवा काच, मागे रांग आणि डोक्यावर घड्याळ. लहान मुलाला स्पर्शानेच भाषा कळते. जाळीतून बापाचा आवाज येतो, बाप येत नाही.

तरीही आकडे पाहिले म्हणजे काम केवढे बाकी आहे ते कळते. २०२२ सालच्या अखेरीस भारतातील तुरुंगांत सुमारे ५ लाख ७३ हजार माणसे होती, आणि त्यांपैकी सुमारे ४ लाख ३४ हजार न्यायाधीन बंदी होते. सामान्य भाषेत सांगावयाचे तर चारांपैकी तिघांचा गुन्हा अद्याप शाबीत झालेला नव्हता. त्यांची शिक्षा ठरलेली नव्हती. त्यांच्या मुलांची मात्र सुरू झाली होती. शिक्षा झालेल्या कैद्याचे मूल निदान वर्षे मोजू शकते. न्यायाधीन बंद्याचे मूल तारखा मोजते, आणि तारीख पुढे ढकलली जाते.

या साऱ्याचा विचार करताना कोणी म्हणेल की, गुन्हा करताना बापाने मुलांचा विचार करावयास हवा होता. खरे आहे. ज्याच्या घरचा माणूस मारला गेला त्याच्याही घरी मुले असतात, आणि त्यांचे दुःख आधी येते, हेही खरे आहे. न्याय व्हावा, शिक्षा व्हावी, याविषयी माझा वाद नाही. परंतु बापाने केला नाही तो विचार समाजानेही करू नये, हा कोठला न्याय? शिक्षेचा हेतू गुन्हा थांबविणे हा असेल, तर बंदिवानाचे मूल शाळेतून गळू देणे म्हणजे पुढच्या पिढीसाठी तुरुंगाची कोठडी झाडून ठेवण्यासारखे आहे.

मंडालेच्या कैद्याच्या मुलांना महाराष्ट्राने आपले म्हटले, वर्ध्याच्या कैद्यांच्या मुलांना आश्रमांनी आपले म्हटले, कारण ते बाप आपल्याला थोर वाटत होते. तिथे आपलेपणा सोपा होता. खरी कसोटी पुढे आहे. गोकुळातील यशोदेची गोष्ट येथे पुन्हा आठवावी. तिच्या कुशीत ठेवलेले पोर कोणाचे, कोणत्या बंदिशाळेतून आले, हे तिला ठाऊकच नव्हते. म्हणून तिने ते निःशंकपणे वाढविले. आपल्याला मात्र सारे ठाऊक असते. कोणाचा बाप कोठे आहे, कोणत्या कलमाखाली आहे, हे आळीतल्या लहान पोरालाही माहीत असते. ठाऊक असूनही दार उघडे ठेवणे हे यशोदेहून अवघड काम आहे, आणि ते करण्यास लागते ते फार थोडे. संध्याकाळी आपल्या मुलाबरोबर त्यालाही एक ताट वाढावे. वर्गात काही हरवले तर आधी त्याच्याकडे पाहू नये. आणि ‘बाबा नागपूरला आहेत’ असे तो म्हणाला, तर पुढचा प्रश्न विचारू नये.